चौदावा रकाना

“चौदा,” हृषीकेश म्हणाला. “अपत्यं किती? जन्मलेली, न जन्मलेली, सगळी धरून सांगायचं, काकी.”

“एक,” उज्ज्वला म्हणाली.

हृषीकेशनं एक टाकला आणि तो पंधराव्या रकान्याकडे वळला. मिरजेच्या स्टेशन रस्त्यावरचं त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन स्क्रीन आणि भिंतीला लावलेल्या सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा बायकाच असत, पन्नाशी-साठीच्या, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. लेक परदेशात, लेकीला दिवस गेलेले, आणि आई निघालेली बाळंतपणाला. हृषीकेशचा सगळा धंदा या आयांवर चालायचा. कुठल्या देशात डिंकाचे लाडू चालतात, कुठे बाळंतशेपा दिसल्या की विमानतळावर गोंधळ होतो, कुठे तुपासाठी वेगळा फॉर्म लागतो, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र त्याला एकदम कुणाचा तरी अर्धवट फॉर्म आठवायचा.

“शेवटचा रकाना. फॉर्म भरून देणाऱ्याचं नाव, आणि अर्जदाराशी नातं.” बाकी बायकांच्या फॉर्मवर तो इथे ‘एजंट’ लिही. आज त्यानं ‘पुतण्या’ असं टाइप केलं आणि खूश होऊन काकीकडे बघितलं.

उज्ज्वला उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. हृषीकेशला वाटलं, विमानाची धास्ती.

चौदाव्या रकान्यातलं उत्तर चुकीचं होतं. उज्ज्वलाला दोन मुलं झाली होती. धाकटी सानिका परदेशात, उत्तर संघातल्या हाल्वेग नावाच्या बंदराच्या गावी दिवस भरत आलेली होती. आणि थोरला समोर बसून फॉर्म भरत होता. ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक उज्ज्वला, आणि दुसरी तिची मोठी जाऊ शैलजा, जिला हृषीकेश चौतीस वर्षं आई म्हणत आला होता.

झालं होतं ते असं. शैलजाची तीन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा नाही. घरात शैलजाच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या, त्याही तिला ऐकू जातील अशा बेतानं. त्याच महिन्यात नव्यानं आलेल्या उज्ज्वलाला दिवस गेले. ती चोवीस वर्षांची होती, जावेवर तिचा जीव होता, आणि चोविसाव्या वर्षी माणसाला सगळं सोपं वाटतं. ‘ताई, हे तुमचं,’ ती म्हणाली होती. घरातल्या घरात तर राहणार! दोघी सात महिने परगावी जाऊन राहिल्या, तिथल्या एका दवाखान्यात उज्ज्वलानं शैलजाचं नाव सांगितलं, आणि बाळ शैलजाच्या नावावर जन्मलं. घरच्यांना शैलजाला पुन्हा दिवस गेल्याचं सांगितलेलं होतंच. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून उज्ज्वलानं शब्द दिला होता, ‘माझ्या तोंडून कधी निघणार नाही.’ दोघींचे नवरे त्या गोष्टीचा पत्ता न लागताच जगले आणि गेले.

ती शब्दाला जागली होती. अगदी आज, या टेबलापाशीसुद्धा.

*

प्रवास आरोग्य केंद्र ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर होतं. डॉक्टर बार्देस्कर नावाच्या चाळिशीच्या बाई ते चालवत. त्यांनी उज्ज्वलाच्या बोटातून एक थेंब घेतला, पाटीएवढ्या यंत्रात सोडला, आणि वीस मिनिटांनी हृषीकेशला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

उज्ज्वलानं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“काकू, फॉर्मवर एक आहे,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “यंत्र दोन म्हणतंय. एक मुलगी. आणि तिच्या आधीचा एक मुलगा.”

विज्ञानाची ही गोष्ट खरं तर जुनीच. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, पण त्या पेशी परत जात नाहीत. आईच्या हाडांतल्या मज्जेत, काळजात, अगदी मेंदूतसुद्धा त्या बिऱ्हाड करून राहतात, वीस वर्षं, तीस वर्षं, कधी आईच्या मरणापर्यंत. लेक सासरी जाते, मुलगा दूर जातो, आणि त्यांचं मूठभरही नाही इतकंसं काहीतरी आईच्या अंगात जगत राहतं. शास्त्रज्ञ त्यांना पाहुण्या पेशी म्हणू लागले. त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

अडलं ते झाकोळताप नावाची साथ आल्यावर. शरीराचे पहारेकरी परक्या पेशी दिसल्या की तुटून पडतात, पण गरोदरपणात एकदा आत घेतलेल्या या पाहुण्यांना ते हटकत नाहीत. झाकोळतापाच्या विषाणूनं नेमकी हीच जागा लपायला शोधली. उत्तर संघातल्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळं दगावली, आणि ताप कुणी आणला याचा माग काढला तेव्हा तो एका ठणठणीत आजीपर्यंत पोचला. ती बाळंतपणालाच आली होती. तेव्हापासून नियम झाला. प्रवाशानं आपल्यातला प्रत्येक पाहुणा जाहीर करायचा. तुमच्या अंगातल्या दहा-वीस पेशींत झोपलेला विषाणू यंत्राला सापडत नाही, पण ज्याच्या त्या पेशी, त्या माणसाच्या रक्तात तो हमखास सापडतो. म्हणून त्या माणसानंही एक थेंब द्यायचा. सानिकाच्या थेंबाचा अहवाल तिथल्या दवाखान्यानं पाठवलेला होता.

“मुलगा हयात असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याला घेऊन या,” डॉक्टर म्हणाल्या. “कुठे आहे माहीत नाही असं लिहिलंत, तर चाळीस दिवस देखरेखीखाली राहावं लागेल. आणि हयात नसेल तर काम पाच मिनिटांचं. इथे ‘मृत’ या चौकटीत खूण करायची आणि खाली सही.” त्या थांबल्या. मग यंत्राकडे बघत म्हणाल्या, “बऱ्याच जणी तेच करतात, काकू. मी विचारत नाही.”

सानिकाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज, आणि नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, महिन्यानं परतणारा. विमान शनिवारी दुपारचं होतं. चाळीस दिवसांनी पोचून उज्ज्वला करणार काय, पाळण्याला दोरी बांधणार?

“दाखवा ती चौकट,” ती म्हणाली.

तिनं बोट पडद्याजवळ नेलं. काचेच्या दारापलीकडे हृषीकेश कुणाला तरी फोनवर सांगत होता, “मावशी, लोणचं नाही चालत म्हटलं की नाही चालत, तुम्ही बरणीला कितीही कापड बांधा.” त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं दुमडली होती. उज्ज्वलानं बोट मागे घेतलं, आणि ते तिनं दुसऱ्या हातात असं धरून ठेवलं की जणू ते आपण होऊन जाऊन खूण करील.

“यंत्रात काही बिघाड झालाय,” बाहेर येऊन ती हृषीकेशला म्हणाली. “परत बोलावलंय.”

“बिघाड?” तो चक्रावला. “त्यांच्या यंत्रात कधी होत नाही गं.”

*

बुधवारी शैलजा स्वयंपाकघरात डिंक तळत होती. कढईत खडे फुलत होते, आणि ती ते झाऱ्यानं हलकेच फिरवत होती. उज्ज्वला ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालत होती.

“बस की गं जरा. माझं डोकं फिरायलंय तुला बघून,” शैलजा म्हणाली.

उज्ज्वला उभ्यानंच सगळं बोलून गेली. यंत्र, पाहुण्या पेशी, दोन, शुक्रवार. शैलजानं गॅस बंद केला. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसती भीती होती. चौतीस वर्षं ती याच दिवसाला भीत आली होती. शाळेच्या दाखल्याला, रक्तगटाला, ‘अगदी काकीसारखा दिसतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना.

“मग त्या चौकटीत कर की खूण,” ती घाईघाईनं म्हणाली. “कागदच तर आहे तो. कोण बघायला बसलंय तिकडं?”

“ताई, त्या चौकटीवर काय लिहिलंय ते सांगितलं ना तुम्हाला?”

“व्हय, मृ...” शैलजाचा शब्द तोंडातच राहिला. झारा ओट्यावर पडला. “अगं बाई! काय बोलायला लागले मी! जळो माझं तोंड!”

ती तशीच फडताळाकडे वळली, मीठ आणि मोहऱ्या मुठीत घेतल्या, आणि हृषीकेश येईपर्यंत मूठ उघडली नाही. तो आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि त्याला सडकून भूक लागली होती.

“उभा राहा तिथं. पूर्वेकडे तोंड कर.”

“आई, चौतीस वर्षांचा घोडा झालोय मी. कुणाची दृष्ट लागणार आहे मला?”

“माझीच लागलीय. उभा राहा म्हणते ना!”

तो हसत उभा राहिला. शैलजानं मूठ एकदा ओवाळली, दुसऱ्यांदा ओवाळली, आणि तिसऱ्या वेळी तिचा हात त्याच्या छातीपाशी थांबला. उज्ज्वलाला ओरडावंसं वाटलं, ताई, नका. आणि त्याच वेळी वाटलं, सांगून टाका एकदाचं.

“हिनं दिलेला शब्द ही पाळायलीय,” शैलजा म्हणाली. “मी काही शब्द दिलेला नाही. तेव्हा मीच सांगते. तुला जन्म हिनं दिलाय रे. मी नाही.”

हृषीकेशला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं दोघींचे चेहरे बघितले. शैलजानं बसून सगळं सांगितलं, परगावचे सात महिने, दवाखान्यातलं नाव, डोक्यावरचा हात. मोहऱ्या तिच्या बोटांतून एकेक करून फरशीवर पडत होत्या.

त्यानं एक मोहरी फरशीवरून उचलून ओट्यावर ठेवली. मग उज्ज्वलाकडे वळला.

“मी विचारलं तुला. माझ्याच ऑफिसात, माझ्या तोंडानं विचारलं. सगळी धरून सांग म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस आणि एक म्हणालीस.”

“हृषी...”

“दिलंस ते दिलंस. तेव्हा तू आजच्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान होतीस, मी काय बोलू? पण काल मी माझ्या हातानं मला खोडलं, काकी.”

तो जेवला नाही. चपला घालून निघून गेला. ताट झाकून दोघी जावा डिंक कुटत राहिल्या, कारण लाडू तर वळायला हवे होते.

*

गुरुवारी त्याचा फोन लागला नाही. तो मित्राकडे राहिल्याचं शेजारच्यांकडून कळलं, तेवढंच. सानिकाचा फोन मात्र तीनदा आला.

“आई, येतेयस ना? इथे सगळे चांगले आहेत गं, पण माझं कुणी नाही. सोमवारी मला आत नेताना तू दिसायला हवीस. बाकी काही करू नकोस, नुसती दिस.”

“येते,” उज्ज्वला म्हणाली. कशी, ते तिला माहीत नव्हतं. तिनं बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. शुक्रवारी सकाळपर्यंत तिनं मनाशी ठरवलं होतं की ती चौकट काही झालं तरी भरायची नाही. मग सानिका एकटी आत गेली तरी चालेल? एका लेकराकडे पोचायला दुसऱ्याला मेलेला लिहायचं, असा रस्ता कुठल्या शहाण्यानं काढला असेल?

दहा वाजता डॉक्टर बार्देस्करांचाच फोन आला. “काकू, लगेच या. आणि मोठ्या काकूंना घेऊन या.”

हृषीकेश केंद्रात बसला होता. बोटाला कापूस लावलेला. दोन दिवसांची दाढी. उज्ज्वला त्याच्याजवळ जाऊ लागली तसा तो म्हणाला, “सानिकासाठी आलोय. आपलं भांडण तू परत आलीस की करू. नीट, वेळ काढून.”

त्याचं रक्त स्वच्छ निघालं होतं, आणि उज्ज्वलाच्या अंगातल्या पाहुण्याशी जुळलंही होतं. पण आता नवाच घोळ झाला होता. त्याच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून शैलजाचं नाव होतं. कागद एक सांगत होता, रक्त दुसरंच. नियमानं अशा वेळी कागदावरच्या आईचाही थेंब घ्यावा लागे, तोच फॉर्म भरून.

शैलजा दारातच थबकली. “माझं कशाला? माझ्यात काय सापडणार आहे? माझं रिकामं भांडं आहे बाई, ते यंत्रात घालून काय जगाला दाखवायचं?”

“आई, बस,” हृषीकेश म्हणाला. त्यानं डॉक्टरांच्या टेबलावरचा कीबोर्ड ओढून घेतला. सवयीनं एकेक रकाना भरत गेला. चौदाव्यावर येऊन त्यानं विचारलं, “अपत्यं किती? सगळी धरून.”

“शून्य लिही,” शैलजा म्हणाली. “आता खरंच लिहायचं ना? मग शून्य.”

त्यानं शून्य टाकलं. डॉक्टरांनी थेंब घेतला. वीस मिनिटं थांबायचं होतं. शैलजा खिडकीबाहेर बघत होती आणि उज्ज्वला तिच्या पदराचं टोक धरून बसली होती. दवाखान्यात बाळ झालं त्या रात्रीही तिनं असंच धरलं होतं.

यंत्र वाजलं. डॉक्टरांनी पडदा बघितला, पुन्हा बघितला. “मोठ्या काकू, फॉर्म चुकलाय.”

“काय चुकलंय?”

“इथे तीन आहेत. दोन मुली, एक मुलगा.”

शैलजाला कळेना. “कोण तीन?”

“तुमची तीन मुलं पूर्ण दिवस राहिली नाहीत ना? मूल जन्मायलाच पाहिजे असं काही नसतं. तीन-चार महिने राहिलं तरी त्याच्या पेशी आईत उतरतात. तुमच्यात उतरल्यात.”

“गेलेल्या पोरांच्या?” शैलजाचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणजे... मेलेल्या?”

“नाही हो. जिवंत. मेलेल्या पेशी यंत्र मोजत नाही. चाळीस-एक वर्षं झाली असतील, पण अजून वाढतायत, नवीन होतायत.”

शैलजानं बोटांवर मोजलं. दोन मुली, एक मुलगा. ती पोरं मुलगे होते की मुली, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. विचारायची सोय नव्हती. ती रडत नव्हती, फक्त बोटावरचा कापूस हळूहळू दाबत होती. डॉक्टरांनी कचऱ्याची बादली पुढे केली. तिनं कापूस टाकला नाही, मुठीत घेतला आणि मूठ मिटली.

“चौदावा रकाना दुरुस्त करा,” डॉक्टर हृषीकेशला म्हणाल्या. “तीन.”

“चार,” उज्ज्वला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“चार लिही, हृषी. तीन तिच्या अंगातली आणि एक तिनं वाढवलेलं. सगळी धरून विचारलंय ना?”

“यंत्र तीनच दाखवतंय काकू,” डॉक्टर कानकोंड्या होऊन म्हणाल्या. “जुळणार नाही.”

“खाली शेरा लिहायला जागा असते,” हृषीकेश म्हणाला. एवढी वर्षं तो त्या जागेत डिंक आणि तूप यांचे खुलासे लिहीत आला होता. त्यानं चौदाव्यात चार टाकले, आणि शेऱ्यात लिहिलं, ‘चौथा हा फॉर्म भरतो आहे.’ शेवटच्या रकान्यात, अर्जदाराशी नातं, तिथे लिहिलं, ‘मुलगा’. पाठवला. यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि हिरवा दिवा लावला.

मग त्यानं उज्ज्वलाचा मंगळवारचा फॉर्म उघडला. चौदाव्यातला एक पुसून दोन केले. खाली गेला. शेवटच्या रकान्यात त्यानंच लिहिलेला ‘पुतण्या’ तसाच होता.

“ते राहू दे रे,” उज्ज्वला म्हणाली. “त्यानं काही अडत नाही.”

“फॉर्म भरायचा धंदा कुणाचा आहे, तुझा की माझा?” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. त्याचा राग गेलेला नव्हता, आवाजात तो स्पष्ट होता. त्यानं ‘पुतण्या’मधलं एकेक अक्षर पुसलं, आणि तिथेही तोच शब्द लिहिला.

हिरवा दिवा लागला. डॉक्टर प्रवेशपत्र छापायला उठल्या. हृषीकेशनं प्रवेशपत्राच्या फोटोसाठी टेबलावरचा कॅमेरा काकीच्या चेहऱ्यासमोर धरला, खाली केला, पुन्हा धरला.

“काकी, रडू नकोस,” तो म्हणाला. “रडका फोटो तिकडे चालत नाही.”